हव्यास कोणाचा?

“लोकांनाच रोज नवे हवे असते, म्हणून वस्तू टिकत नाहीत,” हे शहाणपण मध्यमवर्गीय चर्चांतून सर्रास ऐकू येते. मक्तेदारांना याहून सोयीचे तत्त्वज्ञान कोणते असणार?

इतिहासाची साक्ष वेगळी आहे. १९२४ साली जिनिव्हात ऑसरॅम, फिलिप्स आदी बल्ब-उत्पादकांनी ‘फीबस’ हा मक्तेदारी संघ उभारला. दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरले आणि ज्यांचे दिवे अधिक टिकले त्यांना चक्क दंड झाला! आयुष्य घटवले की उजेड वाढतो, असा बचाव केला जातो. त्यात तांत्रिक तथ्य आहे. परंतु मग उजेड हवा की टिकाऊपणा, ही निवड ग्राहकावर का सोपवली नाही?

तीच नीती आजही जिवंत आहे. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनांचा वेग आपण कमी केल्याचे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केले. फोन अचानक बंद पडू नये म्हणून, हा खुलासा. पण ग्राहकांना अंधारात ठेवल्याबद्दल फ्रान्सने २०२० साली कंपनीला २.५ कोटी युरोंचा दंड ठोठावला. बॅटरी बदलून जेथे भागले असते, तेथे किती नवे फोन खपले असतील!

टाकून दिलेल्या प्रत्येक फोनाबरोबर कांगोच्या कोबाल्ट-खाणीतील श्रम आणि उत्पादनात जळालेली ऊर्जा मातीमोल होते. ग्राहकाला संयमाचे पाठ देणे पुरे झाले. सुटे भाग व दुरुस्तीची माहिती देणे कंपन्यांवर कायद्याने बंधनकारक करा, ही मागणी घेऊन साथींनी जनतेत गेले पाहिजे.