धरलेली नोकरी सोडतांना

पूर्वी नोकरी एकदां लागली कीं ती पेन्शनीपर्यंत चालावयाची, आणि घरांतील वडीलमाणसांना तिचा विचार पुन्हां करावा लागत नसे. आतां तसें राहिलें नाहीं. आमच्या अहमदपुरांत दर पावसाळ्यांत कोणाच्या ना कोणाच्या ओसरीवर हा प्रश्न येऊन बसतो. मुलगा जूनमध्यें गांवांतल्याच एखाद्या विनाअनुदानित शाळेंत गणिताचा शिक्षक म्हणून रुजू होतो. पहिला पगार देवापुढें ठेवून होतो न होतो तोंच लातुराहून खासगी शिकवणीवर्गाचें बोलावणें येतें. पगार दुप्पट, आणि आठ दिवसांत हजर व्हा अशी घाई! मग घरांत दोन तट पडतात. थोरले काका म्हणतात, ‘संस्थेच्या चिटणिसांकडे मीं शब्द टाकला होता, आतां त्यांना तोंड कसें दाखवूं?’ आई म्हणते, ‘दारीं आलेली लक्ष्मी परत लावूं नये.’

काकांच्या बाजूनें अशा वेळीं हमखास आगरकर-गोखल्यांची नांवें निघतात. डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्यें स्थापन झाली. गोखल्यांनीं दरमहा ७५ रुपयांवर २० वर्षें सेवा करण्याचें वचन दिलें आणि १९०२ मध्यें ते फर्ग्युसन कॉलेजांतून निवृत्त झाले. हें सारें खरें. परंतु त्याच संस्थेंतून १८९० मध्यें टिळक बाहेर पडले, आणि १८९१ मध्यें गणित शिकविण्यास धोंडो केशव कर्वे आले ते मुंबईंतील आपलीं कामें सोडूनच आले. शिवाय त्या मंडळींनीं समजून-उमजून व्रत घेतलें होतें. आमच्या मुलानें व्रत घेतलेलें नाहीं, नोकरी धरली आहे. अनुदानित शाळेंतील शिक्षणसेवकालाहि तीन वर्षें मानधनावर काढावीं लागतात. तें २०२३ पासून प्राथमिकास १६,००० व माध्यमिकास १८,००० रुपये झालें. विनाअनुदानित शाळेंत पुष्कळदां तेवढेंहि हातीं पडत नाहीं. नेमणुकीचा कागद धड न देणाऱ्या संस्थेनें निष्ठेची भाषा बोलावी, हें आम्हांस तरी पटत नाहीं.

मग अडतें कोठें? तें वर्गांत अडतें. आम्ही उभा जन्म फळ्यापुढें काढला, म्हणून सांगतों. नववीच्या बीजगणितांत अवयव पाडण्याचा धडा अर्धा झाला असतां शिक्षक निघून गेला, तर पुढचा महिना त्या तासाला भूगोलाचे मास्तर नुसते मुलांवर लक्ष ठेवून बसतात. नवा शिक्षक येतो तो आपल्या रीतीनें आरंभापासून शिकवूं लागतो. हुशार मुलें कंटाळतात, बेताचीं मुलें दोन्ही रीती विसरतात, आणि ‘मला गणित येत नाहीं’ हें वाक्य त्यांच्या तोंडीं कायमचें बसतें. दुसरें असें कीं, जूनमध्यें याच जागेसाठीं दुसरा एक उमेदवार मुलाखतीस आला होता. तो एव्हांना नांदेडास कोठें तरी लागला असतो. चिटणिसांचा रुसवा दोन दिवसांत जातो. हें नुकसान भरून निघत नाहीं.

याकरितां जाणाऱ्यानें जावें, पण आठ दिवसांत नव्हे. खासगी शाळांसाठीं १९७७ चा कायदा व १९८१ ची नियमावली आहे. कायम शिक्षकानें तीन महिन्यांची व कायम नसलेल्यानें एक महिन्याची पूर्वसूचना द्यावयाची असते. राजीनामा दोन प्रतींत लिहून दोहोंवर सही व तारीख घालावी. एक प्रत रजिस्टर टपालानें संस्थेकडे धाडावी, दुसरी आपल्याजवळ ठेवावी. बँकेंत किंवा कंपनींत लागलेल्यांनीं आपला करारनामा पुन्हां वाचावा. विजया बँकेच्या एका अधिकाऱ्यानें तीन वर्षांची बोली पुरी होण्यापूर्वींच २००९ मध्यें आय.डी.बी.आय. बँकेचा रस्ता धरला. त्याबद्दल त्याला करारांतील २ लाख रुपये भरावे लागले, आणि तें कलम वैध असल्याचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें मे २०२५ मध्यें दिला.

लातूरकरांनाहि दोन गोष्टी सरळ विचाराव्या. पगार बाराहि महिन्यांचा कीं परीक्षा संपेपर्यंतचाच? आणि तो लेखी देणार काय? महिनाभर थांबण्यास ते तयार नसतील, तर आपल्याला उद्यां ते किती दिवसांची सूचना देऊन काढतील, याचा अंदाज तेथेंच येतो.

राहतां राहिला काकांचा शब्द. राजीनामा टपालांत पडण्यापूर्वीं मुलानें काकांना बरोबर घेऊन चिटणिसांकडे स्वतः जावें, आणि धडा कोठवर झाला, कोणतीं मुलें मागें आहेत, हें एका वहींत लिहून मुख्याध्यापकांच्या हातीं द्यावें. राजीनाम्याची दुसरी प्रत मात्र कपाटांत नीट ठेवावी. चार वर्षांनीं अन्यत्र अर्ज करतांना अनुभवाचा दाखला मागण्यास याच दारीं यावें लागतें, आणि तेव्हां चिटणीस बहुधा तेच असतात.