गाडी एकाची, चालक दुसरा, भरपाई कोणाला?

लातूर/नांदेड, प्रतिनिधी

लातूर-नांदेड महामार्गावर नांदगाव पाटीजवळ 3 मार्च 2025 रोजी दुचाकीस्वाराला वाचविण्याच्या प्रयत्नात एसटी बस उलटली आणि तीसहून अधिक प्रवासी जखमी झाले. अशा अपघातांची चित्रफीत पाहून चूक कोणाची यावर तावातावाने चर्चा होते. त्या चुकीची किंमत कोणाच्या खिशातून जाते, याचा विचार क्वचितच होतो. एसटीपुरते उत्तर सोपे आहे. शासकीय परिवहन महामंडळांना कायद्याने सक्तीच्या विम्यातून सूट मिळू शकते आणि भरपाईचा भार महामंडळ आपल्याच निधीतून उचलते. खासगी मोटारीचे गणित मात्र सुकाणूवर कोण होते, यावरून बदलत जाते.

‘गाडीचा विमा आहे’ हे वाक्य मुळातच फसवे आहे. एकाच कागदावर तीन वेगळे करार असतात. रस्त्यावरील त्रयस्थाला द्यावयाची भरपाई, स्वतःच्या गाडीचे नुकसान आणि मालक-चालकाचा वैयक्तिक अपघात विमा. यांपैकी गाडीच्या नुकसानीसाठी दोषाचा प्रश्न गौण ठरतो. चूक आपली असली तरी दुरुस्तीचा दावा मंजूर होतो. ‘नो क्लेम बोनस’ तेवढा जातो, आणि तो चूक समोरच्याची असली तरीही जातो.

त्रयस्थाच्या बाबतीत कायदा उदार आहे. चालकाकडे परवाना नव्हता एवढे म्हणून विमा कंपनीला हात झटकता येत नाहीत. मालकाने जाणूनबुजून वा निष्काळजीपणे अशा माणसाच्या हाती गाडी दिली, हे कंपनीनेच सिद्ध करावयाचे, असे सर्वोच्च न्यायालयाने स्वर्णसिंग प्रकरणात 2004 मध्ये स्पष्ट केले. परंतु ते सिद्ध झाल्यास न्यायालये ‘आधी भरपाई द्या, मग वसूल करा’ असा आदेश देऊ शकतात. कंपनी पीडिताला पैसे देते आणि तेच पैसे मालकाकडून वसूल करते. लग्नसराईत भाच्याच्या हाती किल्ली देणाऱ्या मामाने त्याचा परवाना पाहिलेला असतो का? वसुलीची नोटीस भाच्याच्या नव्हे, मामाच्या दारी येते.

सर्वांत उघडा पडतो तो खुद्द चालक. दुसऱ्याची गाडी मागून नेणारा माणूस मालकाच्या जागी उभा राहतो, तो त्रयस्थ ठरत नाही, असे निंगम्मा प्रकरणात 2009 मध्ये ठरले. म्हणजे समोरच्या वाहनाचा दोष असेल तर त्या वाहनाच्या विमा कंपनीकडे दाद मागता येते. गाडी स्वतःहून झाडावर आदळली तर नाही. मालक स्वतः चालवीत असेल आणि परवाना वैध असेल तर वैयक्तिक विम्याचे 15 लाख रुपये मिळतात. ही मर्यादा 2018 मध्ये वाढविण्यात आली. मागून नेलेल्या गाडीच्या चालकाला हे संरक्षण आपोआप मिळत नाही. कर्नाटकातील एका अपघातात स्वतःच्याच बेदरकारपणामुळे मरण पावलेल्या चालकाच्या कुटुंबाने 80 लाखांची मागणी केली होती. ती फेटाळणाऱ्या निकालात हस्तक्षेप करण्यास सर्वोच्च न्यायालयाने 2 जुलै 2025 रोजी नकार दिला. घरातील कमावता माणूस गेला आणि दोषही त्याचाच निघाला, तर कुटुंबाच्या हाती काहीच उरत नाही. कायद्याचे तर्कशास्त्र बिनचूक असेल. त्या घरापुरते ते निर्दयच आहे.

खासगी नोंदणीची जीप भाड्याने फिरविणे आपल्याकडे नवे नाही. अशा गाडीच्या नुकसानीचा दावा सरसकट नाकारू नये, तडजोडीने अंशतः द्यावा, अशी भूमिका सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये घेतली. प्रवाशांचा प्रश्न याहून बिकट आहे. सर्वसमावेशक विमा असेल तर खासगी मोटारीतील सहप्रवाशांना संरक्षण मिळते. केवळ सक्तीचा स्वस्त विमा असेल तर कंपनी हमखास आक्षेप घेते.

आणि ट्रॅक्टर? नांदेडजवळ आलेगाव शिवारात 4 एप्रिल 2025 रोजी ट्रॅक्टर विहिरीत कोसळून हिंगोली जिल्ह्यातील सात शेतमजूर महिलांचा बळी गेला. तेथे शासकीय मदत जाहीर झाली. पण विम्याच्या दृष्टीने ट्रॅक्टरवर आसन एकच, चालकाचे. ट्रॉलीतून जाणाऱ्या एका मजुराच्या प्रकरणात 2007 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीची जबाबदारी नाही असेच म्हटले आणि केवळ आपल्या विशेषाधिकारात ‘द्या आणि वसूल करा’ असा आदेश दिला. हंगामात दररोज ट्रॉलीतून शेतावर जाणाऱ्या मजुरांच्या वाट्याला असा विशेषाधिकार दरवेळी येणार नाही.

दोष सिद्ध करण्याच्या फंदात न पडताही मार्ग आहे. 1 एप्रिल 2022 पासून लागू झालेल्या तरतुदींनुसार मृत्यूसाठी 5 लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. अधिक हवे तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात निष्काळजीपणा सिद्ध करावा लागतो, आणि तेथे पोलिसांची फिर्याद व घटनास्थळाचा पंचनामा हाच पाया असतो. याच दुरुस्तीने दाव्यासाठी सहा महिन्यांची मुदत घातली. तिला आव्हान देण्यात आले असून, केवळ मुदतीच्या कारणावरून दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2025 मध्ये दिला. तरीही त्या भरवशावर थांबण्यात शहाणपण नाही. दावा राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणातही दाखल करता येतो. पुण्याच्या रस्त्यावर मुलगा गमावलेल्या नांदेडच्या कुटुंबाला त्यासाठी पुण्याच्या चकरा माराव्या लागत नाहीत.