मोहाखाली उभं राहणं

आमच्या सिंदेवाहीत ख्रिस्ती घरं मोजकीच. त्यामुळे आमच्या धर्माबद्दल बोलायची बाकीच्यांना मोकळीक आहे आणि टपरीवर ती पुरेपूर वापरली जाते. आक्षेप ठरलेले. एक, तुमचा धर्म मवाळांचा, एका गालावर बसली की दुसरा पुढे. दोन, तुमची दया म्हणजे गळाला लावलेलं आमिष.

दुसऱ्या आक्षेपात काहीच तथ्य नाही, असं मी म्हणणार नाही. दुष्काळात भाकरीपाठोपाठ बाप्तिस्माही वाढला गेला, हे मिशनांना नाकारता येत नाही. पण त्याच दुष्काळाचं एक पान उलटून बघू. 1896-97 मध्ये मध्य प्रांत उपाशी मरत होता. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात. पंडिता रमाबाई त्या मुलखात स्वतः गेल्या आणि भुकेनं वाळलेल्या मुली, बालविधवा सोबत घेऊन आल्या. त्यातल्या कितीतरी पुढे ख्रिस्ती झाल्या, कबूल. टीकाकार नेमकी इथेच वही मिटतो. पुढे 1897 साली पुण्यात प्लेग आला. सरकारी प्लेग-दवाखान्यात आपल्या आश्रमातल्या मुलीचं काय झालं, हे रमाबाईंनी ‘बॉम्बे गार्डियन’मध्ये पत्र लिहून चव्हाट्यावर मांडलं. गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्टनं ते विपर्यस्त ठरवलं. राज्य ख्रिस्ती, गव्हर्नर ख्रिस्ती आणि त्यांना जाब विचारणारीही ख्रिस्तीच, जिला स्वकीयांनी आधीच दूर लोटलेलं. मासा गळाला लागल्यावर त्या माशासाठी सरकारशी भांडत बसणारा कोळी मी तरी पाहिलेला नाही. ‘मवाळ’ म्हणणाऱ्यांनाही एवढं उत्तर पुरे.

माझं खरं भांडण घरच्यांशी आहे. आमच्यात धैर्य म्हणजे कन्व्हेन्शनच्या मांडवात माइकवर दिलेली साक्ष आणि करुणा म्हणजे नाताळातलं ब्लँकेट-वाटप, फोटोसकट. साक्ष देताना कुणाचं दुःख समोर नसतं, ब्लँकेट देताना कसली जोखीम नसते. मग दोन्ही अगदी सोयीनं पार पडतात.

दयाळू शोमरोन्याची गोष्ट आम्ही संडे स्कूलपासून ऐकतो. यरीहोच्या वाटेवर तो थांबला, जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतला, इथवर सगळ्यांना पाठ. पुढचं कुणी बोलत नाही. उतारशाळेवाल्याच्या हातावर दोन दिनार ठेवून तो म्हणतो, जास्त लागले तर परत येईन तेव्हा देईन. परत येईन! म्हणजे त्याच लुटारूंच्या वाटेनं पुन्हा फेरी. पहिल्यांदा पोटात कालवतं म्हणून माणूस थांबतो. त्यात त्याचं कर्तृत्व थोडंच. भीती कळल्यावर पुन्हा निघायला मात्र छाती लागते, आणि ती छाती त्याच कालवण्यातून येते. उपदेशकांनी हे दोन धडे वेगवेगळ्या रविवारी शिकवले, तिथेच घोटाळा झाला.

आमची यरीहोची वाट म्हणजे जंगल. 10 मे 2025 ला मेंढा-मालच्या बाजूला तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन बाया वाघानं एकाच दिवशी मारल्या. तरी हंगाम आला की बाया जातातच. तेल-मीठ, पोरांची वह्या-पुस्तकं त्याच पैशातून. मोह तर पहाटेच वेचावा लागतो, ऊन चढेपर्यंत थांबलं की फुलं गुरं-हरणं खातात. वाकलेली बाई वाघाला माणूस वाटत नाही, चार पायांचं जनावर वाटते, असं इथले जाणते सांगतात. म्हणून कुणीतरी उभं राहायचं, बोलत राहायचं. काम एवढंच.

शेजारणीचा नवरा अंथरुणाला खिळलेला. तिनं मला सोबत मागितली. मी म्हणालो, “तुझ्यासाठी प्रार्थना करतो, बाई.”

ती म्हणाली, “मंग तिकडंच करा नं गुरुजी, मोहाखाली. जराशी मोठ्यानं.”

गेलो. अजून झुंजुमुंजूही झालं नव्हतं. ती टोपलं घेऊन वाकली, मी काठी धरून उभा. मागे पाचोळा वाजला नि तोंड कोरडं पडलं. तेविसावं स्तोत्र चाळीस वर्षं पाठ, एक ओळ आठवेना. शेवटी पाढे म्हणायला लागलो. एकोणतिसाच्या पाढ्याला टोपलं भरलं.

दुसऱ्या पहाटे चारला पुन्हा कडी वाजली.