शब्द बदलला की हक्क बदलतो

14 एप्रिल आणि 6 डिसेंबरला सगळ्याच पक्षांच्या व्यासपीठांवर बाबासाहेबांचा फोटो असतो. हारही सारखाच असतो. फरक असतो तो भाषणातल्या शब्दांत, आणि तिथेच आपले कान बंद असतात.

एक वक्ता 'समता' म्हणतो, दुसरा 'समरसता'. दोन्ही शब्द कानाला गोड. पण समता म्हणजे दर्जा आणि संधी समान हवी, म्हणून जातीची उतरंड मोडायला हवी. समरसता सांगते, उतरंड आहे तशी राहू द्या, तुम्ही मिसळून जा. जात मोडायची जबाबदारी कोणाची, हा प्रश्नच या शब्दात उरत नाही. कोणी म्हणेल, समरसता म्हणजेच बंधुता. तसे नाही. स्वातंत्र्य, समता आणि बंधुता एकमेकींपासून तोडता येत नाहीत, हे बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत बजावले होते. समता वगळून उरते ती बंधुता नव्हे, निमूटपणा.

हा झगडा जुना आहे. 1938 मध्ये मुंबई विधिमंडळात कायद्यात 'हरिजन' हा शब्द घालण्याचा प्रस्ताव आला. बाबासाहेब आणि दादासाहेब गायकवाडांनी त्याला विरोध केला आणि स्वतंत्र मजूर पक्षाच्या सभासदांनी सभात्याग केला. एका शब्दासाठी! कारण नाव ज्यांना द्यायचे, त्यांचेच ऐकले जात नव्हते. आणि देवाची माणसे म्हटल्याने पाणवठा खुला होत नव्हता.

आज तेच काम 'लाभार्थी' हा शब्द करतो. आम्ही वस्तीत शिष्यवृत्तीचे अर्ज भरायला बसतो. एक विद्यार्थी म्हणाला, "सरकारने उपकार केले, सर." आम्हाला वाईट वाटले, पण समोरच्या वहीवर आमच्याच अक्षरात 'लाभार्थी यादी' लिहिलेले होते! दुर्बल घटकांच्या शैक्षणिक हिताची जपणूक करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम 46 सांगते. कर्तव्याला 'लाभ' म्हटले की देणारा दाता होतो आणि नागरिक याचक. याचक जाब विचारत नाही, आभार मानतो. मग मतही आभार म्हणूनच मागितले जाते.

आम्ही वहीवरचा शब्द खोडून 'हक्कदार' लिहिला. त्याने शिष्यवृत्ती लवकर जमा होणार नाही, हे आम्हालाही कळते. पण ती रखडली तर विनंती करायची की जाब विचारायचा, हे त्या शब्दावर ठरते.

पुढच्या सभेत टाळी वाजवण्याआधी एवढेच तपासा: वक्ता आपल्याला नागरिक म्हणतोय की लाभार्थी?

जय भीम!