मूलपेशी कोणती, हे आधी विचारावे

केळीच्या ऊतिसंवर्धित रोपांनी शेतकऱ्यांच्या मनात एक समज पक्का रुजवला आहे. कोंबाचा इवलासा भाग प्रयोगशाळेत नेला की त्यापासून पूर्ण रोपे मिळतात. वनस्पतींच्या बाबतीत हा समज योग्यच आहे. १९५८ मध्ये स्ट्यूअर्ड यांनी गाजराच्या मुळातील पेशींपासून पूर्ण झाड वाढवून दाखविले होते. अडचण उद्भवते ती हाच समज गोठ्यात नेल्यावर. ‘मूलपेशी उपचार’ हे शब्द कानी पडताच निकामी झालेली कास नव्याने उगवेल, अशी आशा पशुपालकाला वाटू लागते आणि विस्तार कार्यकर्त्याकडेही त्यावर नेमके उत्तर नसते.

मूलपेशी हे एका पेशीचे नाव नव्हे. फलित अंडे व त्यानंतरच्या पहिल्या काही विभाजनांतील पेशी टोटिपोटंट, म्हणजे सर्वक्षम असतात. त्यांच्यापासून वासरूही घडते आणि वारही. गाईच्या सुमारे सात दिवसांच्या भ्रूणातील आतल्या पेशीपुंजात ही क्षमता काहीशी आटलेली असते. त्या प्लुरिपोटंट पेशी शरीरातील कोणतीही ऊती घडवू शकतात, परंतु वार सहसा घडवीत नाहीत. म्हणून त्या नुसत्या गर्भाशयात ठेवल्या तर वासरू जन्मत नाही.

कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेतील ‘गरिमा-२’ ही म्हैस याचे उत्तम उदाहरण होय. २०१० मध्ये जन्मलेली ही पारडी भ्रूणीय मूलपेशीपासून झाली, असे सर्रास सांगितले जाते. वस्तुतः ती मूलपेशी केंद्रक काढलेल्या अंडपेशीशी जोडावी लागली. सर्वक्षमता आली ती अंडपेशीच्या आश्रयाने. पुढे २०१३ मध्ये गरिमा-२ स्वतः व्याली, हे विशेष.

प्रौढ जनावराच्या अस्थिमज्जेतून वा चरबीतून काढतात त्या पेशी मल्टिपोटंट. हाड, कूर्चा, चरबी एवढाच त्यांचा आवाका. घोड्यांच्या व कुत्र्यांच्या स्नायूबंध आणि सांध्यांच्या दुखापतींत त्या वापरल्या जातात. तेथेही त्या नवी ऊती घडवितात त्यापेक्षा त्यांच्या स्रावांनी दाह कमी होतो, असेच बहुतांश संशोधकांचे मत आहे. स्नायूतील सॅटेलाइट पेशींची झेप तर स्नायूपुरतीच.

विस्तार साहित्यात ‘मूलपेशी उपचार’ असे मोघम लिहिणे आता थांबावयास हवे. पेशी कशातून काढली, तिची क्षमता किती आणि गाई-म्हशींवर तिची चाचणी झाली आहे काय, ही तीन उत्तरे नसतील तर पशुपालकाने पैसे मोजू नयेत, असे कार्यकर्त्याने स्पष्ट सांगावे. नव्या तंत्रज्ञानाला त्यामुळे खीळ बसेल, ही भीती निराधार आहे. फसलेल्या एका उपचाराने गावाचा विश्वास उडतो, तो पुन्हा मिळविणे फार कठीण. कासदाहावरील मूलपेशींचे काम अद्याप संशोधनाच्या टप्प्यावर आहे. तूर्त गोठ्यात उपयोगी पडेल ती वेळच्या वेळी केलेली दुधाची तपासणी, धारेनंतर सड जंतुनाशकात बुडविणे आणि पशुवैद्यकाने ठरविलेला औषधांचा पूर्ण क्रम.