वंध्यत्व-उपचार आणि आशेची किंमत

२५ जुलै १९७८ रोजी इंग्लंडमधील ओल्डहॅम येथे प्रयोगशाळेत फलित झालेल्या गर्भापासून पहिले मूल जन्मास आले. १९८६ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांना तेच यश लाभले. त्या काळी नवल वाटणारा हा उपचार आज मध्यमवर्गीय कुटुंबांच्या आवाक्यात, निदान कर्ज काढून तरी, आलेला आहे. परंतु गर्भ तयार होणे आणि तो रुजणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चांगला दिसणारा गर्भ गर्भाशयात सोडूनही पुष्कळदा रुजत नाही. असे दोन-तीनदा घडले की ‘वारंवार अपयश’ असा शिक्का बसतो, आणि नव्या चाचण्यांची व उपचारांची यादी दांपत्यापुढे ठेवली जाते. या यादीकडे डोळसपणे पाहण्याची वेळ आली आहे.

गर्भाशयाचे अस्तर गर्भाला वाटेल तेव्हा स्वीकारत नाही, हे शास्त्रीय सत्य आहे. बीज बाहेर पडल्यानंतर साधारणतः सहाव्या ते दहाव्या दिवसांच्या दरम्यान प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या प्रभावाखाली ते अनुकूल होते. शेतकरी ज्याप्रमाणे वाफसा पाहून पेरणी करतो, तसाच हा प्रकार आहे. हा वाफसा ओळखण्यासाठी स्पेनमधील संशोधकांनी २०११ मध्ये अस्तराचा छोटा तुकडा काढून त्यातील २३८ जनुकांचे कार्य तपासणारी चाचणी पुढे आणली. काही स्त्रियांत ही वेळ मागेपुढे सरकलेली असते, ती हेरून गर्भ सोडावा, हा त्यामागील तर्क. तर्क मोहक आहे. पण मोहक तर्क म्हणजे पुरावा नव्हे.

प्रथम साधे गणित पाहू. एका प्रयत्नात यशाची शक्यता एक-तृतीयांश आहे असे धरू. तर कोणताही विशेष दोष नसताना तिन्ही प्रयत्न फसण्याची शक्यता सत्तावीसांत आठ, म्हणजे शंभरांत सुमारे तीस येते. याचा अर्थ, तीन अपयशे हा अस्तराच्या दोषाचा पुरावा ठरत नाही. गर्भातील गुणसूत्रांचे दोष स्त्रीच्या वयाबरोबर वाढतात, आणि अपयशाचे मूळ अनेकदा तेथेच असते. दुसरे असे की, चौथ्या वेळी काहीही वेगळे न करतासुद्धा तीनांतील एकीला यश येणारच. मधल्या काळात जी चाचणी केली असेल, तिच्याकडे त्या यशाचे श्रेय जाते, आणि तिची कीर्ती पसरते.

म्हणूनच चिठ्ठ्या टाकून दोन गट करून केलेल्या तुलनेला महत्त्व आहे. अस्तराला हलकासा ओरखडा काढल्याने गर्भ रुजतो, असा समज अनेक वर्षे होता. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १,३६४ स्त्रियांवरील प्रयोगात ओरखडा काढलेल्या आणि न काढलेल्या अशा दोन्ही गटांत अपत्यजन्माचे प्रमाण २६.१ टक्केच निघाले. वर उल्लेखिलेल्या जनुकीय चाचणीबाबत अमेरिकेतील ७६७ स्त्रियांवरील प्रयोग २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. चाचणीनुसार वेळ ठरविलेल्या गटात ५८.५ टक्के, तर नेहमीच्या वेळी गर्भ सोडलेल्या गटात ६१.९ टक्के स्त्रियांना अपत्य झाले. हा प्रयोग खास वारंवार अपयश आलेल्या स्त्रियांवरचा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. तथापि उपयोग सिद्ध करण्याची जबाबदारी विकणाऱ्यावर असते, घेणाऱ्यावर नव्हे.

अर्थशास्त्रज्ञ केनेथ ॲरो यांनी १९६३ मध्येच दाखवून दिले होते की, वैद्यकीय सेवेचा बाजार हा भाजीचा बाजार नव्हे. येथे घेणाऱ्याला मालाची पारख नसते; त्याला काय हवे हेही विकणाराच सांगतो. त्यात बुडीत खर्चाची भर पडते. भविष्य निर्वाह निधीतून उचल घेतलेली, दागिने गहाण पडलेले. आता माघार घेतली तर आजवरचे सारे वाया जाईल, या भावनेने दांपत्य आणखी एक चाचणी स्वीकारते. वास्तविक गेलेला पैसा हा पुढील निर्णयाचा आधार असू नये.

यावर डॉक्टर म्हणतील की, पुराव्याची वाट पाहत बसलो तर स्त्रीचे वय निघून जाते. ही अडचण खरी आहे, आणि बहुसंख्य डॉक्टरांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु जे सिद्ध झालेले नाही त्याला प्रयोग म्हणावे, आणि प्रयोगाचा खर्च रुग्णाच्या माथी मारू नये.

आपल्याकडे २०२१ चा सहाय्यक जननतंत्रज्ञान नियमन कायदा आहे. यशाची शक्यता, खर्च, फायदे-तोटे आणि धोके दांपत्याला समजावून सांगण्याचे बंधन त्याने केंद्रांवर घातले आहे. हे बंधन प्रत्येक जादा चाचणीला स्वतंत्रपणे लागू व्हावे. तिची किंमत आणि तिच्यामागील पुरावा मराठीत, लेखी स्वरूपात, सही घेण्यापूर्वी दांपत्याच्या हाती पडावा.

प्रश्न केवळ पैशाचा नाही. ‘तुमचे अस्तर गर्भ स्वीकारत नाही’ हे वाक्य घरी पोहोचेपर्यंत ‘दोष हिच्यातच आहे’ असे होते. ज्या समाजाने ‘वांझ’ या एका शब्दाने असंख्य स्त्रियांना पिढ्यान्‌पिढ्या जाळले, त्याच्या हाती अपुऱ्या पुराव्यावर नवा शब्द देणे हा अन्यायच होय.