विश्रामबागवाड्यातील आंग्ल कवी आणि शाळेतले 'संशोधन'

बाजीराव रस्त्यावरून रोज शाळांच्या बसगाड्या विश्रामबागवाड्यासमोरून जातात. गाडीतील मुलांच्या दप्तरांत अधूनमधून एक गुळगुळीत छापील वही असते. मुखपृष्ठावर एखाद्या इंग्रज कवीचे चित्र, आत त्याची जन्मतारीख, त्याच्या गावचे तळे, त्याची पिवळी फुले, त्याच्या काव्यसंग्रहांची यादी. बाईंनी सांगितलेले असते, एका ब्रिटिश कवीच्या जीवनाचे आणि काव्याचे 'संशोधन' करा आणि वर्गासमोर सादर करा. मूल ते करते; म्हणजे बहुधा आई करते, वडील कार्यालयातून रंगीत प्रती काढून आणतात, आणि आता तर संगणकाला एक वाक्य सांगितले की तोच दोन मिनिटांत सारे लिहून देतो. दुसऱ्या दिवशी मूल वर्गात उभे राहून सफाईदार इंग्रजीत बोलते, टाळ्या पडतात, श्रेणी मिळते आणि वही अडगळीत जाते.

ज्या वाड्यासमोरून ही वही शाळेत गेली, त्याच वाड्यात एकेकाळी एक ब्रिटिश कवी नोकरी करीत होता. त्याचे नाव त्या वहीत नसते, मुलाला ठाऊक नसते आणि प्रकल्प देणाऱ्या बाईंनाही बहुधा ठाऊक नसते. विद्येचे माहेरघर म्हणविणाऱ्या नगरीची ही आत्मविस्मृती आहे.

पुण्यात आलेला कवी

त्या कवीचे नाव एडविन आर्नोल्ड. जन्म १८३२, मृत्यू १९०४. ऑक्सफर्डमध्ये शिकत असता १८५२ साली त्याला काव्यलेखनाचे मानाचे पारितोषिक मिळाले. वयाच्या पंचविशीत तो पुण्याच्या सरकारी महाविद्यालयाचा प्राचार्य होऊन आला आणि १८६१ पर्यंत येथे राहिला. हे महाविद्यालय म्हणजे ६ ऑक्टोबर १८२१ रोजी विश्रामबागवाड्यात सुरू झालेली संस्कृत पाठशाळा. विद्वान ब्राह्मणांना श्रावणमासात दक्षिणा देण्याची पेशव्यांची प्रथा होती. राज्य गेल्यावर त्याच दक्षिणेच्या निधीतील काही भाग एल्फिन्स्टनने या पाठशाळेकडे वळविला. म्हणजे संस्था इंग्रजांनी काढली, पण तिच्या पायाखालचा पैसा मराठी राज्याच्या विद्यादानाचा होता. हीच संस्था पुढे १८६८ मध्ये येरवड्याच्या वास्तूत गेली आणि डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपाला आली.

या वास्तव्यात आर्नोल्ड संस्कृत शिकला. त्याचे पहिले फळ म्हणजे १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेला 'हितोपदेशा'चा इंग्रजी अनुवाद. मायदेशी परतल्यावर तो 'डेली टेलिग्राफ' या दैनिकात रुजू झाला. पण पुण्यात लागलेली गोडी सुटली नाही. १८७५ मध्ये त्याने जयदेवाच्या 'गीतगोविंदा'चे रूपांतर केले. १८७९ मध्ये भगवान बुद्धांच्या जीवनावरील 'द लाइट ऑफ एशिया' हे दीर्घकाव्य आले. त्याच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या आणि अनेक भाषांत त्याचे अनुवाद झाले. १८८५ मध्ये भगवद्गीतेचा पद्यानुवाद 'द साँग सेलेस्टियल' प्रसिद्ध झाला. तो त्याने भारताला अर्पण केला आणि अर्पणपत्रिकेत संस्कृत श्लोक घातला. त्याच सुमारास भारतात येऊन त्याने पुण्याला पुन्हा भेट दिली आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिले.

असा कवी एखाद्या इंग्रजी गावात राहून गेला असता, तर तेथील शाळेने त्याच्या घरावर दगडी पाटी लावली असती. आपल्या शाळेला मात्र हजारो कोसांवरचे तळे दिसते, हाकेच्या अंतरावरचा वाडा दिसत नाही.

नाण्याची दुसरी बाजू

येथे एक इशारा दिलाच पाहिजे. आर्नोल्डने गीतेचे भाषांतर केले म्हणून त्याच्या गळ्यात हार घालून मोकळे व्हावे, इतके हे प्रकरण सोपे नाही. तो पुण्यात होता ती वर्षे सत्तावन्नच्या स्वातंत्र्यसमराची होती. त्या काळात त्याने इंग्रज सरकारला केलेल्या साह्याची मुंबईच्या गव्हर्नरने, लॉर्ड एल्फिन्स्टनने, जाहीर दखल घेतली होती. ज्या डलहौसीने सातारा, नागपूर आणि झाशी ही राज्ये गिळली, त्याच्या कारभारावर आर्नोल्डने १८६० च्या दशकात दोन खंडांचा ग्रंथ लिहिला. पुढे साम्राज्याने त्याला 'सर' केले.

म्हणजे गीतेपुढे नतमस्तक होणारा आणि गीतेचा देश दास्यात ठेवणाऱ्या सत्तेची चाकरी करणारा माणूस एकच होता. या दोन गोष्टी एका मनात कशा नांदल्या, हा प्रश्न नववीच्या मुलापुढे ठेवून पाहावा. तो त्याला विचार करायला लावील. याचे उत्तर संगणकाच्या एका कळीवर मिळत नाही, आणि तेथूनच खऱ्या संशोधनाला आरंभ होतो.

रुडयार्ड किपलिंगचेही तसेच. तो १८६५ मध्ये मुंबईत, जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मला. त्याची एक उपदेशपर कविता आपल्या कित्येक शाळांतील भिंतींवर चौकट करून लावलेली असते. याच कवीने १८९९ मध्ये, अमेरिका फिलिपीन्सवर ताबा बसवीत असता, इतरांवर राज्य करणे हे गोऱ्यांच्या खांद्यावरील ओझेच आहे असे सांगणारी कविता लिहिली. पहिली कविता जरूर वाचावी. पण दुसरी लपवून पहिली शिकविणे म्हणजे मुलांना अर्धे सत्य देणे होय.

दोन्हीकडील पळवाटा

या विषयात दोन टोकांची मंडळी भेटतात. पहिल्या टोकाला मेकॉलेचे मानसपुत्र. १८३५ च्या टिपणात मेकॉलेने युरोपातील चांगल्या ग्रंथालयाचे एक फडताळ भारत आणि अरबस्तानच्या साऱ्या वाङ्मयाला भारी असल्याचा निर्वाळा दिला. आजचे पालक तसे बोलून दाखवीत नाहीत, पण वागतात तसेच. मुलाने इंग्रज कवीवर चार मिनिटे बोलले की त्यांचा ऊर भरून येतो. त्याच मुलाला तुकोबांच्या अभंगाचा अर्थ सांगता आला नाही तर त्याचे वैषम्य वाटत नाही. उलट 'त्याचे मराठी जरा कच्चेच आहे' हे वाक्य कौतुकाने उच्चारले जाते.

दुसऱ्या टोकाला आपलेच काही स्वाभिमानी बंधू. त्यांचे म्हणणे असे की, इंग्रज कवी अभ्यासक्रमातून काढूनच टाका, म्हणजे प्रश्न मिटला. हा स्वाभिमान खरा असेल, पण हा मार्ग पुण्याचा नाही. १ जानेवारी १८८० रोजी विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी, लोकमान्य टिळकांना बरोबर घेऊन, राष्ट्रीय बाण्याची शाळा काढली; तिचे नाव न्यू इंग्लिश स्कूल असे होते. टिळक डेक्कन कॉलेजात शिकत असता त्यांच्या प्राध्यापकांत वर्ड्स्वर्थ नावाचे गृहस्थ होते, आणि ते प्रख्यात कवी वर्ड्स्वर्थचे नातू होते. कवीच्या नातवाकडून विद्या घेऊन टिळक काळे इंग्रज झाले नाहीत. मंडालेच्या कारागृहात बसून त्यांनी 'गीतारहस्य' लिहिले. आगरकरांनी शेक्सपिअरचा 'हॅम्लेट' वाचला आणि १८८३ मध्ये तो 'विकारविलसित' म्हणून मराठीत आणला. न्यू इंग्लिश स्कूलचा विद्यार्थी कृष्णाजी केशव दामले इंग्रजी कविता वाचून केशवसुत झाला; त्याने १८९२ मध्ये इंग्रजी सॉनेटचा घाट मराठीत आणला आणि तो सुनीत म्हणून येथे कायमचा रुजला.

या मंडळींनी परकीय कवी टाळला नाही आणि त्याची पालखीही वाहिली नाही. त्यांनी तो पचविला. पचविणे आणि पाठ करणे यांतील अंतर आजची शाळा विसरली आहे. वर्ड्स्वर्थवर प्रकल्प करणाऱ्या मुलीला त्याच्या नातवाने याच शहरात टिळकांना शिकविले हे कळले, तर त्या कवीशी तिचे काही नाते जुळेल. नुसत्या जन्ममृत्यूच्या सनावळीतून ते जुळत नाही.

लाज आणि जिद्द

आर्नोल्डच्या गीतानुवादाची एक कथा प्रत्येक शाळेत सांगितली गेली पाहिजे. लंडनमध्ये बॅरिस्टरीचा अभ्यास करीत असता तरुण मोहनदास गांधींना थिऑसॉफिस्ट पंथाचे दोन बंधू भेटले. ते आर्नोल्डचे 'साँग सेलेस्टियल' वाचीत होते आणि मूळ गीता आपल्याबरोबर वाचण्याचा त्यांनी आग्रह धरला. गांधीजींनी आत्मकथेत मोकळेपणाने कबूल केले आहे की, आपण गीता ना संस्कृतात वाचली होती ना गुजरातीत, आणि याची आपल्याला लाज वाटली. गांधीजींच्या सर्व मतांशी सहमत नसलेल्यांनीही या लाजेपुढे मान लववावी. कारण ती लाज पुढे जिद्द झाली. गांधीजींनी गीता कंठस्थ करायला घेतली, तिचा गुजराती अनुवाद केला. इंग्रज कवीने दार उघडले आणि गांधीजी त्या दारातून स्वतःच्या घरात शिरले.

आपल्या प्रकल्पातून ही लाज निर्माण होते काय? वस्तुस्थिती अशी की, आर्नोल्डच्या दहा वर्षे आधी, १८७५ मध्ये, न्यायमूर्ती काशिनाथ त्र्यंबक तेलंग या मराठी विद्वानाने गीतेचा इंग्रजी पद्यानुवाद केला होता. त्यांचा गद्यानुवाद १८८२ मध्ये मॅक्समुल्लरच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाला. इंग्रजीत लिहून इंग्रजांना गीता समजावून देणारा मराठी माणूस कोण, असे आज किती मुलांना सांगता येईल? आर्नोल्ड पुण्यात येण्यापूर्वी, १८५४ मध्ये, परशुरामपंत गोडबोले यांनी जुन्या मराठी कवितेचे वेचे निवडून 'नवनीत' सिद्ध केले आणि मराठी शाळांतील मुलांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. आज 'नवनीत' म्हटले की मुलांना परीक्षेची मार्गदर्शिका आठवते. यात मुलांचा दोष नाही. त्यांना कोणी सांगितलेच नाही.

शाळांनी करावयाचे काय?

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये मातृभाषेचा आग्रह आहे, भारतीय ज्ञानपरंपरेचा उल्लेख आहे आणि करून शिकण्यावर भर आहे. धोरण कागदावरून वर्गात उतरविण्याचे काम शिक्षकांचे आणि पालकांचे. त्यासाठी नवा निधी नको, नवे परिपत्रक नको. बाईंनी ब्रिटिश कवीचा प्रकल्प अवश्य द्यावा. फक्त प्रश्न बदलावेत. हा कवी संस्कृत कोणत्या शास्त्रीबुवांकडे शिकला? सत्तावन्न साली त्याने कोणाची बाजू घेतली? त्याच्या गीतेत आणि ज्ञानेश्वरीत एकाच श्लोकाचा अर्थ कसा आला आहे? त्याच काळात पुण्यात मराठीत कोण काय लिहीत होते?

या प्रश्नांची उत्तरे शोधण्यासाठी पुण्यासारखे दुसरे गाव नाही. डेक्कन कॉलेजचे ग्रंथालय आहे. तेथेच १९४८ पासून संस्कृत महाकोशाचे काम चालू आहे. १९१७ मध्ये स्थापन झालेले भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर आहे, १८४८ पासूनचे पुणे नगर वाचन मंदिर आहे, पेशवे दफ्तर सांभाळणारे पुराभिलेखागार आहे. एका रविवारी पालकांनी मुलाचे बोट धरून यांपैकी एका दारात उभे राहावे. जुन्या कागदाचा वास घेतलेले मूल उतारे चिकटवून समाधान मानणार नाही.

आणि सादरीकरण दोन भाषांत व्हावे. इंग्रज कवीची कविता इंग्रजीत म्हणावी, तिच्याबद्दल मराठीत बोलावे. घरातील आजी-आजोबांना त्या दिवशी वर्गात बोलवावे. नातू काय सांगतो ते त्यांना कळले पाहिजे. आणि गीतेचा तोच श्लोक आजींनी म्हणून दाखविला तर नातवालाही कळले पाहिजे की, ज्या गोष्टीसाठी एक इंग्रज साहेब सातासमुद्रापलीकडून येऊन पुण्यात धुळाक्षरे गिरवीत बसला, ती गोष्ट आपल्या स्वयंपाकघरात रोज ऐकू येत होती.

आर्नोल्ड राज्यकर्त्यांच्या जातीचा होता, प्राचार्याच्या खुर्चीवर बसला होता. तरीही त्याने येथे शिष्यत्व पत्करले. आपण स्वतंत्र देशाचे नागरिक असून मुलांना नकलाकार करीत आहोत. इंग्रज कवी वर्गात यावा, त्याचे यथोचित स्वागत व्हावे. परंतु तो पाहुणा म्हणून यावा आणि घरात यजमान हजर असावा. पाहुणा आला आणि यजमानच घरी नाही, ही आजच्या शाळेची दशा आहे. ती पालटण्याचा आरंभ बाजीराव रस्त्यावरच्या त्या वाड्यासमोर बस दोन मिनिटे थांबवूनही करता येईल.